पुराणं आणि जगाचा इतिहास: मंडळात पहिल्यांदाच प्रश्नमंजुषा घेणाऱ्यांसाठी सगळ्या पायऱ्या

गणपती जवळ आले की साताऱ्यात मंडळांच्या मीटिंगा सुरू होतात आणि कुणीतरी म्हणतंच, यंदा पोरांसाठी प्रश्नमंजुषा ठेवू, थोडं रामायण-महाभारत, थोडा जगाचा इतिहास, आणि मग ज्याला जरा वाचनाची आवड आहे त्याच्याकडे सगळे बघायला लागतात. यावर्षी ते काम तुमच्याकडे आलं असेल तर हे तुमच्यासाठी. मी आमच्या भागातल्या मंडळांसाठी आणि शाळांसाठी बरीच वर्षं हे करतेय, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी नवीन माणूस त्याच त्याच जागी अडकतो. स्टेज, माइक, बक्षिसं हे सगळं जमतं हो. अडतं ते प्रश्नांपाशी. ज्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, ते कुठून घेतलंय हे तुम्हाला दाखवता येतं आणि समोरच्याला डोकं चालवून तिथपर्यंत पोचता येतं, तोच प्रश्न घ्यायचा, बाकीचे कितीही भारी वाटले तरी सोडायचे.

१. आधी कोण खेळणार ते ठरवा

पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी आणि खुला गट, असे तीन गट पुरतात. सगळ्यांना एकत्र घेऊ नका, सातवीतली पोरगी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा समोरासमोर बसवले की पोरगी गप्प होते आणि पुढच्या वर्षी येतच नाही. संघ तिघांचा ठेवा. दोघांचा ठेवला तर एकजण आजारी पडला की संघ मोडतो, आणि चौघांत एकजण नुसता बसून राहतो. एका गटाचा स्टेजवरचा खेळ सव्वा तासाच्या आत संपला पाहिजे, त्याच्या पुढे लोक चुळबुळ करतात.

२. काय काय लागतं

हे आठवडाभर आधी एका पिशवीत भरून ठेवा:

- प्रश्नपत्रिकेच्या दोन छापील प्रती, एक तुमच्याकडे आणि एक निकाल देणाऱ्याकडे (फक्त मोबाइलवर ठेवू नका, लाइट गेली आणि चार्जिंग संपलं तर कार्यक्रम तिथेच थांबतो)
- आधाराची वही, म्हणजे प्रत्येक प्रश्नासमोर पुस्तकाचं नाव आणि पान
- नावनोंदणीचा तक्ता, शाळेच्या ओळखपत्राची झेरॉक्स (गटाच्या वयावरून भांडणं होतात म्हणून)
- लेखी फेरीसाठी छापील कागद, पेनं
- घंटी किंवा बझर, वेळ बघायला घड्याळ
- गुणफलक, साधा फळा चालतो पण शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे
- प्रोजेक्टर वापरणार असाल तर एक्स्टेन्शन बोर्ड आणि चित्रं पेनड्राइव्हवर वेगळी
- राखीव प्रश्न, मूळ प्रश्नांच्या निदान चौथ्या हिश्शाएवढे

लाउडस्पीकरची परवानगी मंडळाने आधीच काढलेली असते, पण ती कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत आहे हे स्वतः विचारून घ्या. रात्री दहानंतर माइक बंद करायला लागला आणि अंतिम फेरी राहिली असं होऊ देऊ नका.

३. प्रश्न कुठून काढायचे

व्हॉट्सॲपवर आलेल्या 'तुम्हाला माहीत आहे का' मधून तर अजिबात नको. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, व्हायकिंग लोक शिंगांची शिरस्त्राणं घालायचे, रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता, हे तिन्ही अजून प्रश्न म्हणून येतात आणि तिन्ही चुकीचे आहेत. भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. शिंगं १८७६ साली जर्मनीत एका संगीत नाटकाच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली. आणि रोमला आग लागली इसवी सन ६४ मध्ये, तेव्हा फिडल हे वाद्यच नव्हतं.

आपल्या जिल्ह्याचं नशीब असं की मराठी विश्वकोशाचं काम वाईतून उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते सुरू केलं, आणि आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. जगाच्या इतिहासासाठी तिथूनच सुरुवात करा. पुराणातल्या माणसांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश आणि महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश हे दोन्ही वाचनालयात बसून बघता येतात. माझा नियम असा की एका प्रश्नाला दोन आधार, आणि दुसरा आधार पहिल्यावरून उतरवलेला नको. यात वेळ जातो, कबूल, पण स्टेजवर एखादे निवृत्त गुरुजी उठून उभे राहिले की ही वहीच तुम्हाला वाचवते.

४. पुराणांचे प्रश्न: 'कुठल्या ग्रंथात' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, कारण आपल्याला गोष्ट आजीकडून, कीर्तनातून, टीव्हीवरून माहीत असते आणि ग्रंथात ती वेगळी असते किंवा नसतेच. लक्ष्मणरेषा घ्या. वाल्मीकी रामायणात ती नाही. शबरीने बोरं चाखून रामाला दिली हेही वाल्मीकींकडे नाही, तिथे ती रानातली फळं-मुळं देऊन स्वागत करते एवढंच. या गोष्टी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही हं, त्या नंतरच्या परंपरेत आल्या आणि लोकांनी प्रेमाने सांभाळल्या. पण 'वाल्मीकी रामायणानुसार' असं म्हणून तुम्ही लक्ष्मणरेषा विचारली तर प्रश्नच चुकला.

गणपतीत हमखास येणारा प्रश्न: व्यासांनी महाभारत सांगितलं, ते लिहून कुणी घेतलं? उत्तर गणपती, आणि मंडपात बाप्पासमोर हा प्रश्न शोभतोही. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून, असंख्य हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली त्यात ही कथा मूळ पाठात नाही, ती नंतरची भर म्हणून वेगळी काढलीय. म्हणून प्रश्न असा लिहा: 'प्रचलित कथेनुसार व्यासांचा लेखनिक कोण?' एवढे दोन शब्द जास्त टाकले की कुणालाच हरकत घ्यायला जागा राहत नाही.

आणि विष्णूचा नववा अवतार कोणता हा प्रश्न कृपा करून घेऊ नका. बऱ्याच याद्यांत बुद्ध आहे, काही याद्यांत बलराम येतो आणि मग क्रम बदलतो, आणि आपल्याकडच्या जुन्या चित्रांत, पंचांगांत तिथे विठ्ठल दिसतो. एका मंडळात यावरून दोन संघांचे पालक स्टेजवर चढलेले मी बघितलेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मग विचारायचं काय? जिथे ग्रंथ स्वतः स्पष्ट बोलतो ते. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंखांची नावं सरळ दिलीत, कृष्णाचा पाञ्चजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौण्ड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. युद्ध अठरा दिवसांचं, पर्वं अठरा, गीतेचे अध्याय अठरा, दोन्हीकडचं सैन्य मिळून अठरा अक्षौहिणी, कौरवांचं अकरा आणि पांडवांचं सात. भीष्म दहाव्या दिवशी पडले, अभिमन्यू तेराव्या दिवशी, कर्ण सतराव्या दिवशी. सप्त चिरंजीवांची नावं श्लोकातच आहेत: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. एवढ्या सामानावर एक अख्खी फेरी होते.

परदेशी पुराणांनाही हीच शिस्त. ट्रॉयचा लाकडी घोडा ग्रीक कवी होमरच्या 'इलियड'मध्ये नाही, तो 'ओडिसी'त आणि नंतर व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये भेटतो. इलियड संपतं हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी. अकिलीसची टाच हीसुद्धा होमरकडे नाही, नंतरची आहे. ज्याने फक्त सिनेमा बघितलाय तो इथे ठामपणे चुकतो.

मला सगळ्यात आवडतात ते जोडीचे प्रश्न, म्हणजे आपली एक गोष्ट आणि बाहेरची एक गोष्ट समोरासमोर ठेवायची. मुलं अक्षरशः पुढे सरकून ऐकतात. काही देते, बिनधास्त वापरा:

प्रश्न: सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या नाटकाने मराठी रंगभूमीची सुरुवात केली त्यातला पण, द्रुपदाच्या दरबारातला पण आणि ग्रीक राणी पेनेलोपीने लावलेला पण, तिन्हींत कुठली वस्तू समान? उत्तर धनुष्य. भाव्यांचं नाटक 'सीता स्वयंवर', तिथे शिवधनुष्य. द्रौपदीसाठी मत्स्यभेद. पेनेलोपीने सांगितलं की तिच्या नवऱ्याच्या, ओडिसियसच्या धनुष्याला दोरी चढवून बारा कुऱ्हाडींतून बाण पार करायचा. आणि पुढचा उपप्रश्न तर अजून भारी, अर्जुन आणि ओडिसियस दोघंही तिथे खऱ्या रूपात नव्हते, मग कुठल्या वेशात होते? एक ब्राह्मणाच्या, दुसरा भिकाऱ्याच्या.

प्रश्न: जरा नावाच्या व्याधाचा बाण आणि ट्रॉयच्या पॅरिसचा बाण, दोन्ही शरीराच्या कुठल्या भागात लागले म्हणून सांगतात? पायात, एक कृष्णाच्या आणि एक अकिलीसच्या.

प्रश्न: माशाने वाचवलेला मनू आणि मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशच्या कथेतला उत्नपिश्तिम, दोघं कशातून वाचले? महापुरातून, नावेत बसून.

५. जगाचा इतिहास साताऱ्यापासून सुरू करा

मॅग्ना कार्टा कधी, १२१५. बास्तीय कधी पडलं, १४ जुलै १७८९. वॉटर्लू कधी, १८१५. असले नुसते सालाचे प्रश्न लावले की पाठांतरवाली दोन पोरं सगळं मारून नेतात आणि बाकीचा मंडप मोबाइल काढतो. त्यापेक्षा इथल्या घटनेवरून जगात जा.

६ जून १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता. त्याच्या देशात तेव्हा राजा कोण? लगेच नाही आलं तर इशारा द्या: ह्याच राजाला लग्नात पोर्तुगिजांकडून मुंबई मिळाली. दुसरा चार्ल्स. याच प्रश्नाला दोन शेपट्या लावता येतात, तेव्हा फ्रान्समध्ये चौदावा लुई होता आणि चीनमध्ये कांगशी सम्राट. पोरांना पहिल्यांदाच लक्षात येतं की ही सगळी माणसं एकाच वेळी जिवंत होती, आणि माझ्या मते जगाचा इतिहास विचारायचा तो यासाठीच.

१८४८ तर आपल्यासाठी खजिना आहे. पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन सगळीकडे उठाव, लंडनमध्ये मार्क्स आणि एंगेल्सचा जाहीरनामा छापला गेला, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली (सावित्रीबाई आपल्या नायगावच्या), आणि त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे वारले आणि डलहौसीने दत्तक वारस मानला नाही. प्रश्न करायचा तर 'दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने सर्वात आधी कुठलं राज्य घेतलं' असा करा. साल विचारू नका, कारण काही पुस्तकांत १८४८ आहे आणि काहींत १८४९, विलायतेतून मंजुरी यायला वेळ लागला म्हणून.

७ नोव्हेंबर ही तारीखही धरून ठेवा. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्यातल्या शाळेत दाखल झालं, म्हणून तो महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस. आणि १९१७ साली त्याच तारखेला रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली. तसंच १९१९: काल्यात कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली त्याच वर्षी व्हर्सायचा तह आणि जालियनवाला बाग. १९४३ ला क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इकडे उभं राहत होतं तेव्हा तिकडे स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण आलं आणि इटलीत मुसोलिनी पदावरून गेला. अशी सालं एका कागदावर आडवी मांडली की प्रश्न आपोआप सुचायला लागतात.

एक नाजूक जागा सांगते. वाघनखं जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हापासून यावर प्रश्न असतोच. 'कुठल्या संग्रहालयातून आली' हे खुशाल विचारा. पण 'अफझलखानावर वापरलेली वाघनखं कुठे आहेत' असं विचारू नका, कारण ती हीच का हे पक्कं सांगता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. ती ग्रँट डफकडे होती, तो साताऱ्याचा रेसिडेंट होता, इथपर्यंतचा प्रश्न चांगला होतो.

६. तारखांचे सापळे

रशियातल्या क्रांतीला ऑक्टोबर क्रांती म्हणतात आणि आपण मघाशी ७ नोव्हेंबर म्हटलं. दोन्ही बरोबर, रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं आणि त्यात तो दिवस २५ ऑक्टोबर. तारीख विचारणारच असाल तर कुठल्या कॅलेंडरची ते प्रश्नात लिहा.

इसवी सनापूर्वीचा हिशेब करताना शून्य साल नसतं हे विसरू नका. ज्युलियस सीझरचा खून इसवी सनापूर्वी ४४, मार्चच्या १५ तारखेला. त्याला दोन हजार वर्षं पूर्ण झाली १९५७ ला, १९५६ ला नाही.

शंभर वर्षांचं युद्ध शंभर वर्षं चाललं नाही, १३३७ ते १४५३ म्हणजे ११६. हा टायब्रेकरला छान आहे. पण 'जगातलं सगळ्यात छोटं युद्ध किती मिनिटांचं' हा नको, १८९६ च्या त्या झांझिबारच्या युद्धाला कुणी ३८ मिनिटं म्हणतं, कुणी ४५.

७. प्रश्न लिहायचा कसा

मोठ्याने वाचून बघा, एका श्वासात नाही आला तर तोडा. ज्याच्याबद्दल विचारताय ते शेवटी ठेवा म्हणजे ऐकणारा इशारे गोळा करत करत तिथे येतो. 'पुढीलपैकी कोणता नाही' छाप प्रश्न माइकवर कुणाला कळत नाहीत, ते लेखी फेरीत टाका.

उत्तरासमोर चालणारी सगळी नावं लिहून ठेवा, हे लोक हमखास विसरतात. उत्तर अर्जुन असेल तर पार्थ, धनंजय, सव्यसाची, फाल्गुन सगळं चालेल. १४५३ ला उस्मानी तुर्कांनी जिंकलेलं शहर कॉन्स्टँटिनोपल, पोरगं इस्तंबूल म्हणालं तर गुण द्यायचे का? द्यायचे, पण हे आधीच लिहिलेलं पाहिजे, ऐनवेळी ठरवलं की पक्षपात वाटतो. दहा प्रश्नांत तीन सोपे, पाच मधले, दोन अवघड, एवढं माप ठेवा. आणि छापायच्या आधी खेळणार नसलेल्या एखाद्याला सगळे विचारून बघा, घरातलंच कुणीतरी चालतं.

८. फेऱ्या आणि गुण

लेखी फेरी वीस प्रश्नांची, त्यातून सहा संघ स्टेजवर. वीसपैकी पाच प्रश्नांवर चांदणी काढा आणि बरोबरी झाली तर ज्याच्या चांदण्या जास्त तो वर, हे सुरू करायच्या आधीच सांगून टाका.

स्टेजवर थेट उत्तराला दहा, आधीच्या संघाला न आल्याने पास होऊन आलेल्या प्रश्नाला पाच. आता एक महत्त्वाची गोष्ट. थेट प्रश्न ओळीने अ, ब, क असे देत गेलात तर कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्याला सारखे पास मिळतात आणि तो फुकट पुढे जातो. म्हणून ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून नवीन प्रश्न सुरू करा, आणि अर्ध्यावर दिशा उलटी फिरवा. हा नियम फळ्यावर लिहून ठेवा. पुराणांची एक फेरी, जगाच्या इतिहासाची एक, चित्रांची एक, जोडीच्या प्रश्नांची एक आणि शेवटी बझर, पुष्कळ झालं. चुकीला उणे गुण फक्त बझरला ठेवा, लहान गटात तिथेही नको.

९. कार्यक्रमाच्या दिवशी

प्रश्न दोनदा वाचा, दोन्ही वेळी तेच शब्द. तिसऱ्यांदा समजावून सांगायला गेलात की नकळत उत्तराकडे इशारा जातो. वेळ बघणारा वेगळा, गुण लिहिणारा वेगळा आणि निकाल देणारा वेगळा ठेवा, आणि निकाल देणाऱ्याचा पोरगा किंवा पुतण्या स्पर्धेत नको. प्रेक्षकांतून उत्तर ओरडलं गेलं तर तो प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न घ्या, ओरडणाऱ्यावर चिडू नका. प्रेक्षकांसाठी अधूनमधून वेगळे प्रश्न ठेवले आणि बरोबर उत्तराला कंदी पेढा दिला की ओरडणं जवळपास बंद होतं.

परदेशी नावांचा उच्चार घरी पाठ करा. देव ग्रीकांचे असोत की आपले, बोलायचं सारख्याच आदराने, 'त्यांचे देव बघा कसे' असा सूर लावला की पुढचं सगळं बिघडतं.

१०. हरकत आली तर

हरकत फक्त संघाने घ्यायची, पालकांनी नाही, आणि पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत. हे सुरुवातीलाच माइकवर सांगा. हरकत आली की वही उघडा, पुस्तक आणि पान वाचून दाखवा. त्यांनी दुसरा आधार दाखवला आणि तो खरंच ग्रंथातला असेल तर दोन्ही उत्तरं धरा आणि तसं जाहीर करा. कुणाकडेच आधार नसेल तर प्रश्न रद्द, राखीव घ्या, दोन मिनिटांच्या वर थांबू नका.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रश्न, उत्तरं आणि समोर आधार असा कागद मंडपाच्या फळ्यावर लावा. हरलेली पोरं तो जास्त वाचतात. त्याची एक प्रत तारीख घालून मंडळाच्या कपाटात ठेवा, पुढच्या वर्षी जो कुणी प्रश्न काढेल त्याला कुठले विचारून झालेत ते तिथे बघता येईल.